तळाची रेघ

थायुआन शहरातल्या आमच्या कचेरीत माझ्या टेबलावर दुपारी ऊन यायचं. त्या उन्हात बसून मी वर्षानुवर्षं चिनी अक्षरं सुटी करत असे. एखादं अक्षर संगणकाला ठाऊक नसेल, तर त्याची बांधणी कशी आहे ते सांगायचं. हा तुकडा डावीकडे, तो उजवीकडे. हा वर, तो खाली. याने त्याला चारही बाजूंनी वेढलंय, की तीनच. एवढं कळलं की यंत्र अक्षर उभं करायचं. नवी ओळखपत्रं निघाली त्या वर्षी खेड्यापाड्यांतून कुठल्याच कोशात नसलेली आडनावं आमच्याकडे येऊ लागली.

तसंच एक आडनाव घेऊन च्वे आजोबा आले. बरोबर नात होती, सूपिंग. त्यांच्या डोंगरातल्या गावात सगळे च्वेच. सूपिंगला शहरातल्या नर्सिंगच्या शाळेत जागा मिळाली होती, पण ओळखपत्राशिवाय तिला कुणी दारात उभं करणार नव्हतं.

आजोबांनी चहात बोट बुडवून माझ्या टेबलावर अक्षर काढलं. डावी भिंत, वर छत, उजवी भिंत. आत 'पाय' हे अक्षर. खाली मोकळं.

"तळाची रेघ राहिली, आजोबा," आमचे वरिष्ठ लियांग म्हणाले.

"राहिली नाही. आम्ही ओढत नाही."

"का बरं?"

"ओढत नाही," आजोबा म्हणाले आणि बाहीने टेबल पुसून टाकलं.

ते गेल्यावर लियांग हसले. "अहो, सरळ आहे. वाडवडिलांचं नाव लिहिताना मान म्हणून एक रेघ गाळायची आपली जुनीच रीत. यांनी ती आडनावालाही लावली. मूळ अक्षरात रेघ असणारच."

त्यांचं वाचन दांडगं होतं आणि रीतही खरी होती. वर्णनात त्यांनी 'चारही बाजूंनी वेढलेलं' असं भरलं.

ओळखपत्रं आली तेव्हा आजोबांनी आपलं कार्ड डोळ्यांशी धरलं. तळाच्या रेघेवरून अंगठा फिरवला.

"सगळ्या गावाची अशीच?"

"सगळ्यांची."

"हं," ते म्हणाले आणि नातीकडे वळले. "पोरी, जपून जा."

सूपिंग रविवारी माझ्याकडे जेवायला येऊ लागली. मोठी बडबडी पोर. "मावशी, हे कसलं व्हिनेगर? आमच्या गावात याला पाणी म्हणतात," असं म्हणत दोन वाडगे नूडल्स संपवायची. एकदा निघताना ती माझ्या दारात थबकली.

"काय गं, काही विसरलीस?"

"नाही. जरा हात द्या ना."

मी हात दिला. तिने पाऊल गुडघ्याइतकं उचललं आणि कशावरून तरी ओलांडल्यासारखी बाहेर आली. आमच्या इमारतीत दारांना उंबरे नव्हते. दोघी हसलो. पुढच्या खेपेला तिने पाऊल आणखी वर उचललं. तेव्हा हसलो नाही.

मग ती यायचीच बंद झाली. मी तिच्या वसतिगृहावर गेले, तर ती खाटेवर बसून होती.

"मैत्रिणी ओढून बाहेर काढतात, मावशी. वॉर्डात गेले की तिथून निघता येत नाही. बाई म्हणतात, नाटकं करते. असंच चाललं तर नाव काढून टाकतील." तिने मान खाली घातली. "मला परत नाही जायचं गावाला. मला नर्स व्हायचंय."

कचेरीत येऊन मी वर्णन बदललं. तीन बाजूंनी वेढलेलं, खाली मोकळं. पडद्यावर अक्षर मोकळं दिसलं. छापून काढलं, तर तळाला रेघ. पुन्हा छापलं. पुन्हा रेघ. लियांगनी भिंग लावून पाहिलं.

"ही शाई नाही," ते म्हणाले. "इथे कागदच काळा आहे."

त्यानंतर त्यांनी त्या आडनावावरून कधी थट्टा केली नाही.

मी सूपिंगला घेऊन तिच्या गावाला गेले. स्वच्छ ऊन होतं, अंगणात कणसं वाळत होती. आमच्या मुलखात खेड्यातलं घर उंबऱ्याशिवाय नसतं; या गावात एकाही घराला उंबरा बांधलेला नव्हता. मात्र प्रत्येक दारात जमीन वर आली होती. वीतभर उंच, सरळ, या चौकटीपासून त्या चौकटीपर्यंत. आजोबा आत उकिडवे बसून खुरप्याने ती खरवडत होते.

"या. मक्यापेक्षा हेच जोमानं येतंय यंदा."

"आजोबा, हिनं आडनाव बदललं तर?"

खुरपं थांबलं. मग पुन्हा चालू झालं.

"आईचं लाव," ते सूपिंगला म्हणाले. "तुला बाहेर जायचंय."

"आणि तुम्ही?"

"मला या वयात कुठं जायचंय, वेडे?"

सूपिंगने आईचं आडनाव लावलं. नवं कार्ड हातात पडलं त्या दिवशी ती माझ्या दारातून धावत बाहेर पडली आणि जिना उतरून परत वर आली, नुसतं दाखवायला. पुढे ती चांगली नर्स झाली.

आजोबा थंडीत गेले. आम्ही पोचलो तेव्हा दारातली माती कमरेएवढी झाली होती; गावकऱ्यांनी शिडी लावून आम्हाला आत घेतलं. सूपिंगने स्वतः शिवलेले नवे कापडी जोडे त्यांच्या पायांत घातले. रीतीप्रमाणे रात्रभर त्यांना पाय दाराकडे करून ठेवलं होतं.

सकाळी शवपेटी न्यायला मागची भिंत फोडली. उजेड आत आला.

सूपिंग आजोबांच्या अंगावरची चादर सारखी करायला वाकली आणि तशीच राहिली.

मी पाहिलं. जोड्यांचे तळ कोरे होते, पांढरेशुभ्र. पुढचं कापड तेवढं एका रात्रीत झिजून गेलं होतं, आणि त्यातून मातीने भरलेली बोटं दिसत होती.