जात्याच्या पलीकडचा आवाज

मी वारूळवाडीला गेलो तो फक्त एक नाव विचारायला. अर्ध्या तासात येतो, असं घरी सांगून निघालो होतो.

दोन हजार आठ सालचा मे महिना. नारायणगावात एसटी स्टँडच्या मागे माझं नेटकॅफे होतं. चार कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि बसून बसून झिजलेल्या खुर्च्या. सकाळी पोरं परीक्षेचे फॉर्म भरायला यायची. दुपारी लोडशेडिंग सुरू झालं की इन्व्हर्टरवर एकच मशीन चालायचं आणि त्या मशीनवर मी माझा छंद करायचो. इंटरनेटवर एक ज्ञानकोश आहे, ज्यात कुणीही लिहू शकतं, चुका दुरुस्त करू शकतं. मी त्यात एक लेख वाढवत होतो. 'तरवडीचं फूल' या चित्रपटाच्या गाण्यांवरचा.

हा चित्रपट पंच्याण्णव साली आला आणि दोन आठवड्यांत गेला. कॅसेट मात्र आमच्या भागात टिकली. टोमॅटोच्या टेम्पोत ती हमखास वाजायची. पाच गाणी चांगलीच होती, पण सहावं जे होतं त्याला गाणं म्हणू की काय म्हणू, मला आजही कळत नाही. पेटी नाही, तबला नाही. नुसती जात्याची घरघर आणि त्यावर दोन बायकांच्या ओव्या. एक आवाज भरदार, उन्हात तापलेला. दुसरा बारीक, लांबून येणारा, पहिलीचा शेवटचा शब्द अलगद उचलणारा. तिसऱ्या ओवीला तो बारीक आवाज एकदम जवळ यायचा, कानाशी, आणि एकटाच गायचा. दर वेळी माझ्या अंगावर काटा यायचा. लेखात मी लिहिलं होतं, 'दोन गायिकांच्या आवाजांतलं अंतर कमी होत जाणं ही या ध्वनिमुद्रणातली विलक्षण करामत आहे.'

'दोन गायिका' या शब्दांपुढे कुणीतरी खूण टाकली : संदर्भ हवा. टाकणाऱ्या संपादकाचं नाव भगवंत.

त्याचं बरोबर होतं. कॅसेटच्या कागदावर एकच नाव होतं. 'ओव्या : सुंदराबाई, वारूळवाडी.' दुसरी कोण? एवढी सुंदर साथ करणाऱ्या बाईचं नाव कुठेच नसावं, याचा मला रागच आला. म्हणून मी कॅसेट, सेलवर चालणारा टेप आणि वही घेतली आणि गाडीला किक मारली.

सुंदराबाईंचं घर गावाबाहेर, द्राक्षाच्या बागा संपतात तिथं होतं. पत्र्याचं छप्पर, पुढं बाभळीच्या काट्यांचा वाडगा, त्यात वीसेक मेंढरं. दुपारचे दोन वाजले असतील. ऊन असं पडलं होतं की सावल्या पायाखाली गोळा झाल्या होत्या. वारा नव्हता. ओसरीवर एक म्हातारा वाखाची दोरी वळत बसला होता. सुंदराबाईंचे मालक, यमाजीबाबा.

"या पावणं. लाइटबिलवाले का?"

"नाही बाबा. मावशींनी सिनेमात ओव्या गायल्या होत्या ना, त्याबद्दल आलोय."

म्हाताऱ्याचा हात थांबला. त्यांनी आत पाहिलं, मग माझ्याकडं. "त्याला लई दिस झालं," एवढंच म्हणाले आणि पुन्हा दोरीला पीळ देऊ लागले.

सुंदराबाई बाहेर आल्या. साठीच्या असाव्यात. उंच, काटक, कपाळावर मोठं गोंदण. मला पाणी दिलं, बसायला घोंगडी टाकली. मी त्यांना सांगितलं की त्यांच्या ओव्या मी शेकडो वेळा ऐकल्यात, की तसा आवाज मी दुसरीकडं ऐकलेला नाही. त्या लाजल्या.

"म्या न्हाई ऐकलं कंदी," त्या म्हणाल्या. "सिनेमाबी न्हाई बघितला. आमी तवा मेंढरं घेऊन कोकनात. कॅशेट कुनी दिली न्हाई, आन दिली असती तर वाजवायची कशावर?"

तेरा वर्षं सगळा तालुका त्यांचा आवाज ऐकत होता आणि त्यांनी स्वतः तो एकदाही ऐकला नव्हता. मला भरून आलं. मी टेप ओसरीवर ठेवला आणि बटण दाबलं.

आधी घरघर सुरू झाली. मग त्यांचा आवाज.

*जात्या दगडा रे, तुझी घरघर मंद,*
*माझ्या जावंच्या हाताला पिठाचा गं गंध...*

सुंदराबाईंनी पदर तोंडाला लावला. डोळे हसत होते. "ह्ये म्या व्हय? माजा आवाज असा?"

आणि मग बारीक आवाजानं शेवटचा शब्द उचलला. गंध...

त्यांचे डोळे हसायचे थांबले.

वाडग्यातली मेंढरं रवंथ करायची थांबली. एवढा वेळ तो आवाज चालू होता हे मला तो बंद झाल्यावर कळलं. दारात झोपलेलं कुत्रं उठलं, आत गेलं आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या जुन्या जात्याजवळ जाऊन बसलं. शेपटी हळूहळू हलवत. आणि वास आला. ताज्या, कोमट बाजरीच्या पिठाचा. गावात गिरणी होऊन दहा वर्षं झाली होती. त्या जात्याच्या पाळीवर धूळ साचलेली मला बसल्या जागेवरून दिसत होती.

तिसरी ओवी आली. बारीक आवाज जवळ सरकला.

*थोरली मी जाऊ, बसले पल्याडला,*
*हात खुंट्याला लाव बाई, वझं माझ्या वाट्याला...*

टेप मी बंद केला. कुणी सांगितलं नव्हतं, माझाच हात गेला.

"मावशी," मी दबक्या आवाजात विचारलं, "साथीला कोण होतं?"

"कोन न्हाई."

"पण हा दुसरा आवाज..."

"म्या एकलीच व्हते, भाऊ." त्यांनी माझ्याकडं न बघता सांगितलं. "ह्यो आवाज ठकूबाईचा. माझी थोरली जाऊ. अठरा वर्सं आमी दोघी एका जात्यावर दळलं. ती पल्याड, मी अल्याड. आदल्या साली कोकनात तापानं गेली. तिकडंच माती दिली तिला, मला तोंडबी बघाया न्हाई मिळालं. सिनेमावालं म्हनलं, शेजारची कुनी बाई बसवा पल्याड. म्या म्हनलं न्हाई. ती जागा रिकामी ऱ्हाईल. तवा मी आजारातनं उठलेली. वाटलं, एवढं जड जातं एकलीला वडंल का... पर त्या दिशी जातं फुलावानी फिरलं."

"आणि ही ओवी?"

"ही मला येतच न्हाई," त्या म्हणाल्या. "ती अशीच जोडायची, दळता दळता."

ओसरीवरून यमाजीबाबा बोलले. वळलेली दोरी त्यांच्या मांडीवर तशीच पडली होती.

"म्या सांगितलं न्हाई तुला कंदी," ते बायकोला म्हणाले. "मशीनवाला बाहेर वाडग्यापाशी बसल्याला, कानाला डबडी लावून. त्याला आतलं दिसत नव्हतं. मधीच मला म्हनला... म्हनला, बाबा, त्या दुसऱ्या बाईंना जरा पुढं सरकाया सांगा. आवाज लांबून येतोय."

"मग?"

"म्या दारातनं आत बघितलं. तू एकलीच. डोळं मिटून गात हुतीस." म्हाताऱ्यानं दोरी बाजूला ठेवली. "म्या कुनाला काय सांगू? गप हुबा ऱ्हायलो. थोड्या वक्तानं त्योच म्हनला, हां, आता बराबर. सरकल्या त्या."

मला पळून जावंसं वाटत होतं. घाबरलो होतो, पण सुंदराबाईंचा चेहरा बघून त्या भीतीची लाज वाटली. त्या रडत होत्या आणि त्यांच्या तोंडावर असं काही होतं, जे लेक माहेरी आल्यावर आईच्या तोंडावर असतं.

"लाव की परत," त्या म्हणाल्या. "तिला मी पंधरा वर्सांत ऐकलं न्हाई."

मी चार वेळा लावलं. संध्याकाळ व्हायच्या आत निघालो तेव्हा त्यांनी मला वेशीपर्यंत सोडलं. "तुमी त्या कांपुटरात लिव्हताय न्हवं? माझं नाव न्हाई लिव्हलं तरी चालंल. तिचं लिव्हा."

दुसऱ्या दिवशी मी लेख उघडून तासभर बसलो. त्या ज्ञानकोशाचा नियम साधा आहे. जे सिद्ध करता येतं तेच लिहायचं. मी काय पुरावा देणार होतो? चौदा वर्षांपूर्वी एक बाई मेल्यानंतर वर्षभरानं गायली, याला संदर्भ कुठला जोडू? न लिहिणं सोपं होतं. पण मला ते कुत्रं आठवलं, आणि म्हातारीचे डोळे. मी टाइप केलं : 'ओव्या : सुंदराबाई आणि ठकूबाई.' संदर्भाची जागा मोकळी सोडली आणि जतन केलं.

वाटलं होतं, तासाभरात कुणीतरी उडवून टाकेल. झालं वेगळंच. दुपारी कॅफेचा फोन वाजला. ज्ञानकोशातल्या माझ्या पानावर मी तो नंबर देऊन ठेवला होता.

"गोरक्ष बोलताय का? मी भगवंत. पुण्याहून." आवाज वयस्कर, जपून बोलणारा. "ठकूबाई हे नाव तुम्हाला कुठं मिळालं?"

मी सगळं सांगितलं.

"तो मशीनवाला मी," ते म्हणाले. "ध्वनिमुद्रक म्हणून तीस वर्षं काम केलं. इतकी स्वच्छ, इतकी समजून केलेली साथ मी पुन्हा कधी ऐकली नाही. मिक्सिंगमध्ये मी काहीही केलेलं नाही, गोरक्षराव. तुम्ही करामत लिहिलंत, ती माझी नाही."

"मग संदर्भ हवा अशी खूण..."

"मलाच हवा होता संदर्भ. लेखासाठी नाही. ओव्या संपल्यावर सगळे चहाला उठले. माझे हेडफोन कानावरच होते. मी सहज मोठ्यानं म्हणालो, दुसऱ्या बाईंचं नाव काय लिहायचं? आणि हेडफोनमध्ये... अगदी जवळून... उत्तर आलं. 'ठकूबाई म्हनत्यात मला.' मी लिहून घेतलं. नंतर कळलं की आत दुसरं कुणी नव्हतंच. कॅसेटच्या कागदावर ते नाव द्यायची माझी हिंमत झाली नाही. त्याची टोचणी आजपर्यंत आहे."

"लिहून घेतलंत ते कशावर?"

"संमतिपत्रावर. सुंदराबाईंनी अंगठा दिला आणि कागद वाळायला जात्यावर ठेवला होता. मी तो उचलून आणला तेव्हा... तुम्हीच बघा. स्कॅन करून पाठवतो."

मेल आली. पिवळट कागद, टाइप केलेला मजकूर, खाली पेनानं दोन नावं, आणि दोन्ही नावांपुढे जांभळ्या शाईतला एकेक अंगठा.

मी त्याचा प्रिंट काढला. कार्ट्रिज संपत आली होती, कागद फिकट निघाला, पण अंगठ्यांच्या रेषा स्पष्ट होत्या. तसाच वारूळवाडीला गेलो. यमाजीबाबा मेंढरं घेऊन ओढ्याकडं गेले होते. सुंदराबाई ओसरीवर एकट्या होत्या. मी कागद त्यांच्या हातात दिला आणि कुठं कुणाचं नाव आहे ते बोट ठेवून दाखवलं. मग सांगितलं की हा कागद आता लेखाला जोडणार आहोत आणि ठकूबाईंचं नाव कुणी काढू शकणार नाही.

त्यांना वाचता येत नव्हतं. पण दुसऱ्या अंगठ्यावर त्यांची नजर खिळली. त्या अंगठ्याच्या मधून एक तिरपी, कोरी रेघ गेली होती.

"खुरप्यानं कापलं व्हतं तिचं," त्या हळूच म्हणाल्या. "माझं लगीन झालं त्याच सालात. म्याच हळद भरली."

त्यांनी त्या ठशावरून बोट फिरवलं, लेकराच्या गालावरून फिरवावं तसं. मग तेच बोट आपल्या कपाळाला लावलं आणि डोळे मिटले.

"बाई," त्या म्हणाल्या, "लई ग्वाड गायलीस."

त्यांनी डोळे उघडले, कागदाची नीट घडी केली आणि उठून आत ठेवायला गेल्या. वळताना त्यांचं कपाळ मला दिसलं. गोंदणाच्या वर एक ओला, जांभळा ठिपका उमटला होता. स्टँपपॅडच्या शाईचा.

माझ्या प्रिंटरमध्ये फक्त काळी शाई होती.