खोकल्याचा ठसा

सकाळपासून त्रेसष्ट माणसं खोकून गेली होती. कोसंबटोल्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आता खोकलाही शिस्तीत यायचा. अंगठा काचेवर, तोंड जाळीसमोर, तीनदा खोका, बाजूला व्हा. हिरवा दिवा लागला तर साधी सर्दी. घरी जा, कोमट पाणी प्या, खोकला तीन आठवडेही रेंगाळेल. लाल लागला तर छातीत जंतूंचा संसर्ग, आणि भिंतीतलं औषधांचं कपाट आपोआप उघडायचं.

यंत्राचं कागदोपत्री नाव 'कासवेध'. तीन खोकल्यांचा तो एक ठसा घ्यायचा आणि लाखो ठशांशी ताडून निकाल द्यायचा. गावानं मात्र त्याला पहिल्या दिवशीच डबा करून टाकलं होतं.

डबा आला तेव्हा डॉक्टर उज्ज्वला कटरेला मनापासून हायसं वाटलं होतं. त्याआधीची वीस वर्षं तिनं साध्या सर्दीला प्रतिजैविक गोळी का नको, हे सांगण्यात कंठशोष केला होता. लोक मान डोलवायचे आणि चौकातल्या दुकानातून तीच गोळी घेऊन जायचे. शेवटी व्हायचं तेच झालं. जंतूंना गोळ्या पचू लागल्या, मोजकीच औषधं गुणाची उरली आणि सरकारनं ती कुलपात घातली. आता कुणी हुज्जत घालत नसे. "डबाच नाही म्हणतो, बाबा," एवढं म्हटलं की काम भागायचं. काहींनी घसा खरवडून, पोट धरून डब्याला फसवायचे उद्योग केले. पण सोंग तो हटकून पकडायचा. पडद्यावर 'खोकला खरा नाही' अशी पाटी झळकायची आणि सगळी रांग हसायची.

हायसं वाटण्याची पुढे सवय झाली आणि सवयीचा कंटाळा. स्टेथोस्कोप टेबलाच्या खणात जाऊन पडला. सव्वाशे माणसांच्या रांगेत एकेकाच्या पाठीला तो लावायला सवड होती कुणाला? गेले दोन आठवडे तर खुर्चीतून उठणंही उज्ज्वलाच्या जिवावर यायचं. राइस मिलचा कोंडा हवेत होता, तिला स्वतःलाही खोकला होता, संध्याकाळी अंग कसकसायचं. दुसरा डॉक्टर चार महिने झाले तरी आलेला नाही, मग थकवा यायचाच, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

दुपारी एकच्या सुमारास देवका पटले आत आली. डोळे जागरणानं लाल, हातात सासूचं आरोग्य कार्ड.

"मॅडम, सासूचा डबा हिरवा आला परवा. आशाताईनं घरी फिरता डबा आणून घेतला. पण बुढी दोन दिसांपासून जेवली नाई. काहीबाही बरळते."

"खोकला वाढलाय का?"

"नाई जी. खोकतच नाई ते."

उज्ज्वलानं वैतागून पडद्यावर बायनाबाई पटले हे नाव शोधलं. ठसा व्यवस्थित होता. तीन खोकले, तिन्ही स्पष्ट. खोकतच नाही अशा बाईचे? तिनं कानाला हेडफोन लावले आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा एखादा ठसा स्वतः ऐकला.

खोकला कोरडा होता, तरण्या छातीतला. आणि प्रत्येक खोकल्याबरोबर मागे काचेच्या बांगड्या किणकिणत होत्या. डब्यानं त्या आवाजापुढे 'गोंगाट, वगळला' अशी नोंद केली होती. बायनाबाईचा नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. तेव्हापासून तिचे हात मोकळे होते, हे उज्ज्वलाला ठाऊक होतं. तिनं देवकाच्या मनगटांकडे पाहिलं.

"देवका, हे कोण खोकलं?"

देवकाचा चेहरा पडला. "तीन खोकले नाई झाले तं नोंदच होत नाई, म्हणे आशाताई. बुढीले तं येतच नोहते. मले सर्दी होती. मी म्हटलं, एका घरचाच खोकला आहे. तिले कायले तरास द्या?"

उज्ज्वलाच्या ओठांवर शिवी आली होती, ती तिनं गिळली. खरा राग तिला स्वतःचाच आला. म्हाताऱ्या माणसाचा न्यूमोनिया खोकत येतोच असं नाही. तो गप्प येतो, बरळत येतो. हे ती एके काळी शिकाऊ डॉक्टरांना शिकवायची.

बायनाबाई बाहेर रिक्षातच होती. तिला आत आणून निजवलं. उज्ज्वलानं घड्याळ धरून श्वास मोजले. मिनिटाला छत्तीस, जवळजवळ दुप्पट. खणातून स्टेथोस्कोप काढला, पदरानं पुसला, पाठीला लावला. उजव्या बाजूला खाली, तापल्या तव्यावर मीठ तडतडावं तसा आवाज. न्यूमोनियाच.

रुग्णवाहिकेला दोन तास लागणार होते. पहिलं इंजेक्शन आत्ताच जायला हवं होतं आणि ते कपाटात होतं. डॉक्टरच्या शब्दावर कपाट उघडायचं, पण त्यासाठी अर्ज करायचा आणि उत्तर उद्या अकराला. राहता राहिली फेरतपासणी. नर्स प्रांजलीनं बायनाबाईचा अंगठा काचेवर टेकवला आणि जाळी तोंडाजवळ आणली.

"आजी, खोका. एकदाच जोर लावा."

म्हातारीच्या ओठांतून नुसता वारा आला. 'आवाज अपुरा. वीस सेकंद शिल्लक.'

उज्ज्वला पुढे झुकली. बावीस वर्षांत हजारो न्यूमोनिया ऐकले होते, एक आपल्याला वठवता येणार नाही का? सोंगाची पाटी येईल हे माहीत होतं, तरी तिनं तोंड जाळीकडे नेलं. वठवायला श्वास आत घेतला, तोच दिवसभर दाबून धरलेला तिचा स्वतःचा खोकला उसळला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा तर डोळ्यांत पाणी आलं.

लाल दिवा. कपाटाचा खटका पडला.

तिनं इंजेक्शन भरलं. औषध शिरेत गेलं, प्राणवायू लावला. देवका सासूचे तळपाय चोळत राहिली. श्वास अजून भराभराच होता, पण म्हातारीनं सुनेला नावानं हाक मारली आणि देवकाला हुंदका फुटला.

"मॅडम, तुम्ही तं एकदम खराच काढला जी!" प्रांजली हसत म्हणाली. "डब्याले कळलंच नाई."

उज्ज्वलाही हसायला गेली आणि थांबली. डब्याला सोंग कळतं. दोन वर्षं ती हेच लोकांना सांगत आली होती. दोन आठवड्यांचा खोकला, संध्याकाळची कसकस, पाय उचलवणार नाही इतका थकवा. सगळं तिच्यासमोर होतं, आणि दुसऱ्या कुणाचं असतं तर तिनं दारातच ओळखलं असतं.

ती स्टुलावर बसली. स्टेथोस्कोप गळ्यातून काढून तिनं प्रांजलीपुढे धरला.

"जरा माझ्या पाठीला लाव. उजवीकडे, खाली."

प्रांजलीला नोकरी लागली ती डबा आल्यानंतर. तिनं स्टेथोस्कोप उलटा कानात घातला, मग सरळ केला. चकती पाठीवर टेकवली, जरा खाली सरकवली. बाहेर रांगेत कुणीतरी खोकलं.

"मॅडम," तिनं हळूच विचारलं, "काय ऐकायचं असते?"