बटणांवरचं बोलणं

घशाच्या ऑपरेशनमध्ये सोजरबाईंचा आवाज गेला. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, जीव राहील, आवाज राहणार नाही. त्यावर त्यांचे नवरे आप्पासाहेब म्हणाले, "जल्मभर बोलली, आता जरा माझं ऐकंल." कुणी हसलं नाही. तेही हसले नाहीत.

आता तिच्याशी बोलायचं कसं, हा प्रश्न मुलाने, इंद्रजीतने अंगावर घेतला. ऑफिसात हाताखालच्या पोरांना कोडिंग शिकवणाऱ्या माणसाला यात काय अवघड? त्याने आईला मोठ्या स्क्रीनचा फोन आणून दिला. पण खुरपं धरून धरून गुळगुळीत झालेला तिचा अंगठा त्या काचेला कळेचना. ती दाबायची, काच ढिम्म. शेवटी त्याने कपाटातून स्वतःचा कॉलेजातला घडीचा फोन काढला. डबीसारखा उघडायचा, खाली बटणं, बटणांवर मराठी अक्षरं. एकदा दाबलं की क, दोनदा दाबलं की ख, घ हवा असेल तर चारदा. चौथी शिकलेल्या सोजरबाईंना ते आठवड्याच्या आत जमलं. फक्त 'ण' गाठताना त्या हटकून एक टिचकी जास्त मारायच्या आणि मग पुन्हा सगळी फेरी घ्यायच्या.

प्रत्येक बटणाचा सूर वेगळा होता. आप्पांना त्या पिकपिकीचा त्रास व्हायचा, पण सोजरबाई सूर बंद करू द्यायच्या नाहीत. तेवढाच आवाज त्यांच्यापाशी उरला होता.

स्क्रीन काडेपेटीएवढी, अक्षरं मुंगीएवढी. आप्पा शाळेची पायरी चढलेले नाहीत, आणि बाकीच्यांचे चष्मे कायम घरी राहिलेले. त्यामुळे आई लिहायची आणि इंद्रजीत चारचौघांत वाचून दाखवायचा. पुढे पुढे त्याला वाचायचीही गरज राहिली नाही. स्वयंपाकघरात उभं राहून नुसते सूर ऐकले तरी त्याला शब्द कळायचे. आईचं लिहून व्हायच्या आत तो म्हणायचा, "आणतो गं पाणी." भाऊकीत त्याचं फार कौतुक झालं. सोजरबाईचा आवाज म्हणजे आता इंद्रजीतच, असं लोक म्हणू लागले.

भाऊकी काही लांब नव्हती. खराडीत जिथं त्यांचा ऊस होता तिथं आता मोठी इमारत होती आणि बिल्डरने जमिनीच्या बदल्यात दिलेल्या फ्लॅटांत सगळे चुलते एकावर एक रचून ठेवल्यासारखे राहत होते. पूर्वी घरातली गोष्ट बांधावरून पसरायची, आता लिफ्टमधून पसरते.

अशा या इमारतीतून ऋतुजा, इंद्रजीतची धाकटी बहीण, विश्रांतवाडीच्या रोहनशी लग्न करून गेली. रोहनचं घर बौद्ध. मुलगा सरकारी इंजिनिअर, निर्व्यसनी, बोलायला गोड. त्याच्यात खोट सापडेना म्हणून भाऊकीने जात काढली. तिनं माझी पायरी चढायची नाही, असं आप्पा सगळ्यांसमोर बोलून गेले, आणि सगळ्यांसमोर बोललेला शब्द मागं घ्यायचा तर नाक कापलं जातं.

सोजरबाईंचं दुखणं उलटलं. दवाखान्यात एका दुपारी खाटेभोवती सगळे जमले असताना ऋतुजाचा फोन आला. "दादा, मी खाली उभी आहे. पासशिवाय सोडत नाहीत. देतोस का पाठवून?"

"ऋतुजा आलीये खाली," इंद्रजीत म्हणाला. दुर्गाबाई काकींनी आप्पांकडे पाहिलं, आप्पांनी खिडकीबाहेर.

सोजरबाईंनी उशीखालून घडीचा फोन काढला. इंद्रजीतला स्क्रीनकडे बघायचं कारण नव्हतं, एकेक सूर त्याच्या कानात पडत होता. 'ण'ची फेरी चुकली, पुन्हा झाली.

वर आण तिला.

त्यांनी फोन त्याच्यापुढे धरला. सगळे त्याच्या तोंडाकडे बघायला लागले. आप्पांची न हलणारी पाठ, काकींचे बारीक झालेले डोळे, उद्या लिफ्टमध्ये काय बोललं जाईल ते, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं.

"आई म्हणतेय," तो म्हणाला, "तिला घरी जायला सांग."

ऋतुजाचा फोन अजून चालूच होता. तिनं ते ऐकलं. तिनं फोन ठेवला.

सोजरबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. दारात आलेल्या अनोळखी माणसाकडे बघावं, तशा त्या बघत होत्या. मग त्यांनी फोन मिटला आणि तो पुन्हा उघडला नाही. त्या आठवड्यातच त्या गेल्या.

सुतकात घरी बसून इंद्रजीत लॅपटॉपवर थोडंफार काम करत होता. मीटिंगमध्ये कुणीतरी आकडे सांगत असताना त्याला ते सूर ऐकू आले. पलीकडच्या कुणाचा तरी मोबाईल असेल, असं त्याला वाटलं. त्याने हेडफोन काढले. सूर घरातच होते. 'ण'ची एक टिचकी जास्त पडली आणि फेरी पुन्हा सुरू झाली.

त्याने घडीचा फोन शोधला, बॅटरी काढली, बॅटरी एका खणात आणि फोन दुसऱ्या खणात ठेवला. दुसऱ्या दिवशी दुधाच्या दुकानासमोर, भर उन्हात, रिक्षांच्या गोंगाटातही त्याला ते ऐकू आलं. नंतर लिफ्टमध्ये. लिफ्टमध्ये आणखी दोघे होते, त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. मजकूर तोच, शब्दाचाही फरक नाही. भीतीपेक्षा त्याला लाजच जास्त वाटली. आपली चोरी कुणीतरी चारचौघांत मोठ्याने वाचतंय आणि ती वाचता येणारे आपण एकटेच आहोत, या विचाराने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दहाव्याला नदीच्या घाटावर मंडप होता, फ्लेक्स होता, श्रद्धांजलीला दोन माजी नगरसेवक होते. पिंड ठेवला. पलीकडच्या पिंपळावर कावळे होते, पण एकही खाली येईना.

"इच्छा ऱ्हायली असंल कायतरी," काकी म्हणाल्या. "बोला की रं कुणीतरी. कबूल करा तिला."

एकेक जण पुढे होऊन हात जोडू लागला. आप्पांना सांभाळू. नातवंडांना शिकवू. कावळे बसूनच. सगळ्यांची नजर इंद्रजीतवर आली. आईचा आवाज तोच होता ना! मंडपाच्या मागच्या टोकाला, माणसांपासून हातभर अंतर ठेवून, ऋतुजा उभी होती.

सूर सुरू झाले. या वेळी पिंडाच्या बाजूने.

त्याने तोंड उघडलं आणि म्हणाला, "आई, तुझ्या नावानं गावच्या शाळेला पंखे देऊ."

कावळा आला नाही. गुरुजींनी घड्याळ पाहिलं, दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला शिववून घेतला. लोक जेवायला उठले. इंद्रजीतची मान वर होईना. मागं पाहिलं तेव्हा ऋतुजा तिथे नव्हती.

घरी हॉलमध्ये भाऊकी टेकली होती. आप्पा आतल्या खोलीत पलंगावर बसून होते. इंद्रजीत पाणी घेऊन गेला.

"बंद कर ते," आप्पा म्हणाले.

"काय, आप्पा?"

"पिकपिक. सकाळधरनं चाललीय."

इंद्रजीतने तांब्या खाली ठेवला. "तुम्हाला... ऐकू येतं?"

"हाताभरावर बसून असायचो तिच्या. मला वाचता येत न्हाय. पर ऐकून ऐकून कळाया लागलं व्हतं." ते भिंतीकडे बघत होते. "तिला सांगितलं न्हाय कधी. बाईमाणसाचं चोरून ऐकल्यागत वाटायचं."

"मग त्या दिवशी दवाखान्यात..."

"तिनं लिवलं ते बी ऐकलं. तू वाचलंस ते बी ऐकलं." त्यांनी पलंगावरची चादर सारखी केली. "आन् तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो. तू ल्हान हायेस, इंद्रा. मी तर नवरा व्हतो तिचा."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. सूर चालूच होते, पण आता ते खोलीतून येत नव्हते. खिडकीखालून, गेटच्या बाजूने येत होते.

मग ते थांबले.

हॉलमध्ये इंटरकॉम वाजला.

इंद्रजीतने जाऊन उचलला. या महिन्यातच लागलेला, लातूरकडचा वॉचमन होता. "सायेब, ऋतुजाताई म्हणून आल्यात. वर सोडू का?"

काकींनी हातातला पेला खाली ठेवला.

इंद्रजीत बोलला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "दवाखान्यात आईनं लिहिलं होतं, वर आण तिला. मी खोटं वाचलं."



"सोडा वर," तो इंटरकॉममध्ये म्हणाला.

"दोघींनाबी?" वॉचमनने विचारलं.

इंद्रजीतने दुसऱ्या कानावर हात ठेवला.

"ताईंच्या मागं म्हाताऱ्या बाई हायेत एक. नाव इचारलं तर बोलत न्हाईत. ताईंची ओढणी धरून उभ्या हायेत." वॉचमनचा आवाज बारीक झाला. "ताईंना म्हनलं, ह्या तुमच्यासंगं का? तर त्या म्हनत्यात, मी एकटीच आलेय."

रिसिव्हर इंद्रजीतच्या कानाला घट्ट चिकटलेला होता. ते बोलणं दुसऱ्या कुणाला ऐकू गेलं नव्हतं.

आतल्या खोलीच्या दारात आप्पा येऊन उभे राहिले होते.

"दोघींनाबी येऊ दे," ते म्हणाले.