मागचं डावं दार

वाल्मीक माझा मावसभाऊ. त्याला गोष्टी रचून सांगता येत नाहीत, म्हणूनच हे लिहितोय. हसलात तरी चालेल. पण जे घडलं ते घडलं.

गेल्या मे महिन्यातली भर दुपार. पिरंगुटला वाल्मीकचं घर आणि घरामागे पत्र्याची शेड. जुन्या गाड्या नव्यासारख्या करून देणं हा त्याचा धंदा. घरात बायको सुलक्षणा आणि चार वर्षांची राणी.

धरणापलीकडच्या गावातून हैबतराव नावाच्या म्हाताऱ्यांनी एक गाडी पाठवली होती. सत्तरच्या दशकातली, फिकट निळी. कित्येक वर्षं गोठ्यात उभी होती म्हणे. तीन दारं ठीक होती. मागचं डावं मात्र उघडत नव्हतं.

वाल्मीकने आतलं पॅनल काढलं. खटका साफ केला, तेल सोडलं. हँडल ओढलं की खटका टक् करून सुटायचा...

पण दार तसूभर हलायचं नाही.

त्या दुपारी राणी घरात झोपली होती. बाजारात निघताना सुलक्षणाने बजावलं, "तिच्याकडं ध्यान ठेवा."

बाकीच्या तिन्ही दारांची बाहेरची हँडलं वाल्मीकने पॉलिशला काढली होती. ये-जा करायला ड्रायव्हरचं दार तेवढं उघडं ठेवलं होतं. तो शेडमागे ग्राइंडर चालवत बसला.

काम झालं. त्याने मशीन बंद केलं...

आणि गाडीचं दार आपटलं.

वारा अजिबात नव्हता.

तो पुढे आला. ड्रायव्हरचं दार घट्ट बंद.

"पप्पा..."

आवाज गाडीतून आला. राणीचा.

"पप्पा, दार उघडा ना."

वाल्मीक गाडीकडे धावला. पत्र्याखाली गाडी इतकी तापली होती की हात टेकवत नव्हता. काचा सगळ्या वर. काचांना जुनी काळी फिल्म, काचेला चिकटलेलं सोडून आतलं काही दिसेना.

हँडलच्या भोकात पेचकस घालून त्याने खटका शोधला. एरवी हातचा मळ. पण घाईत पेचकस सारखा निसटत होता.

त्याने हातोडा उचलला.

काचेला आतून एक इवलासा तळवा टेकलेला होता...

काच फुटली असती, तर पोरीच्या तोंडावर गेली असती. तो धावत दुसऱ्या बाजूला गेला.

तिथेही तळवा.

पुढच्या काचेशी गेला. तिथेही.

"राणी, बाळा, मागं सर. पप्पा काच फोडतोय."

"मला गुदमरतंय, पप्पा."

"मागं सर गं माझी आई..."

तळवा हलला नाही.

त्याने शेजारच्या भिकूकाकांना हाका मारल्या. घसा फुटेस्तोवर. कुणीच आलं नाही.

आता हँडल असलेलं एकच दार उरलं होतं. तेच. मागचं डावं.

टायर काढायची लोखंडी टॉमी त्याने फटीत घुसवली आणि सगळं अंग टाकलं. तळहात फाटले. रक्ताने टॉमी निसटायला लागली. तो रडत होता, देवाला शिव्या देत होता, त्याच देवाच्या पाया पडत होता.

"माझं काय घ्यायचं ते घे. पोरीला सोड."

आतला आवाज बारीक झाला...

मग बंद झाला.

"राणी? राणी, बोल ना बाळा."

काही नाही.

त्याच्या हातातली टॉमी गळून पडली. तो दाराला डोकं टेकून उभा राहिला.

आणि दार उघडलं.

हलकेच. अलगद.

त्याच्या गुडघ्याला घासून काहीतरी बाहेर गेलं. त्या उन्हातही गार. लहान मूल आईच्या साडीला घासून जातं ना, तसं.

गाडी रिकामी होती.

त्याने सीटखाली पाहिलं, डिकी उघडली. वेड्यासारखं सगळं उचकटलं. तेवढ्यात फाटक वाजलं.

सुलक्षणा आली होती. तिच्या बोटाला धरून, बर्फाचा गोळा चोखत... राणी.

"मी निघतच हुते, तेवढ्यात ही उठून रडाय लागली. म्हणून नेली. तुमाला हाक मारली, पण मशीन चालू हुतं," सुलक्षणा म्हणाली. मग तिचं लक्ष त्याच्या हातांकडे गेलं. "अहो, हे रक्त कसलं?"

वाल्मीक मुलीला छातीशी धरून खाली बसला.

संध्याकाळी त्याने हैबतरावांना फोन केला. दार निघालं, एवढंच सांगितलं.

"आत काय गावलं?" म्हाताऱ्याने विचारलं.

"काहीच नाही."

"मंग गाडी तुमीच ठिवा. हिकडं आणू नगा."

त्यानंतर हैबतरावांनी कधीच फोन उचलला नाही.

वाल्मीकने ते घर आणि शेड सोडली. आता बावधनला भाड्याने राहतात. मध्यंतरी मी भेटायला गेलो होतो. राणी पलंगावर भिंतीला चिकटून आडवी झाली होती. अर्ध्याहून जास्त पलंग रिकामा. मी सहज तिथे टेकलो.

"काका, तिथं नको," ती कुजबुजली. "ती आत्ताच झोपलीये."

मी हसलो. पण उठलो.

सुलक्षणाकडे पाहिलं. वाटलं, ती पोरीला दटावेल.

ती पुढे आली, आणि त्या रिकाम्या जागेवर चादर नीट पांघरली...