डावं मडगार्ड

जुना ट्रॅक्टर बघायला गेलो की मी इंजिनाकडे सगळ्यात शेवटी वळतो. विकणाऱ्याला वाटतं, ह्या शेठला काही कळत नाही, आणि तो खुशीत येऊन मोकळेपणाने बोलायला लागतो. कुणाचा असा गैरसमज दूर करण्याच्या भानगडीत मी कधी पडलो नाही.

मी आधी झीज बघतो. पेडलची, सीटची, गिअरच्या मुठीची. एकानं मला छातीठोकपणे सांगितलं होतं, "आमचे वडील फक्त सुट्टीच्या दिवशी चालवायचे हो, हौस म्हणून." क्लचचं पेडल झिजून चमच्यासारखं खोलगट झालं होतं. मी म्हटलं, "वडिलांना पाय किती होते?" तो हसला, मी हसलो, चहा झाला आणि सौदा माझ्या मनासारखा झाला. शाळा मी लवकर सोडली, पण झिजलेलं लोखंड वाचायला मला भंगाराच्या ढिगानं शिकवलं.

घ्यायचं-विकायचं माझ्याकडे, दुरुस्ती धाकट्या भावाकडे. धाकटा म्हणजे केस पिकलेला माणूस, पण मला धाकटाच. गंजून घट्ट बसलेला नट असला की तो आधी त्याच्याशी गोड बोलतो, पाना मागाहून लावतो. "माझ्याशी एवढं बोलले असते तर मीही सुटसुटीत झाले असते," असं भावजय म्हणते. आईवडील गेल्यावर मीच त्याला वाढवला. दुकान, शेड, गिऱ्हाईक ह्यातलं काहीही गेलं तरी मी पुन्हा उभं करीन. तो मात्र एकच आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची गोष्ट त्याची आहे.

एका निवृत्त शाळाबाईंचा निरोप आला होता. वडिलांचा ट्रॅक्टर शेडमध्ये पडून आहे, बघून जा. दुपार होती, आभाळ भरलेलं. मुख्य रस्ता सोडून आत बरंच गेल्यावर एकटं घर, आणि घराला पाठ करून उभी असलेली पत्र्याची शेड. बाईंनी दार सरकवलं, तसा आतून जुन्या ग्रीसचा आणि ओल्या मातीचा वास आला. एवढी वर्षं बंद शेडमध्ये माती ओली कशी, असं मनात आलं खरं. पण समोर ट्रॅक्टर दिसला आणि मी ते विसरलो.

एका सिलिंडरचा, जाडजूड फ्लायव्हीलचा, बनवणारी कंपनी दोनचार वर्षांतच गुंडाळली गेलेली. असा ट्रॅक्टर मी फक्त चित्रात पाहिला होता. तोंडावर काही न दाखवता मी नेहमीप्रमाणे सीटपाशी गेलो.

सीट लोखंडी. बसणाऱ्याच्या झिजेनं ती चकचकीत होते, पण इथे फक्त उजवी बाजू झिजली होती. स्टिअरिंगही एकाच जागी झिजलेलं, उजव्या हाताच्या. म्हणजे हा माणूस जन्मभर डावीकडे वळून, मागे बघत बसला होता. आता नांगरताना मागे सगळेच बघतात, पण उजवीकडून. उजवं चाक नांगरानं पाडलेल्या तासात चालतं, माती उजवीकडे पडते, बघायचं ते सगळं उजवीकडेच असतं. डावीकडे काही नसतं. डावीकडे फक्त मडगार्ड असतं.

मडगार्डवर कारखान्यातला मूळ रंग होता, जसाच्या तसा. हे तर मी कधीच पाहिलं नव्हतं. ट्रॅक्टर म्हटला की मडगार्डवर कुणीतरी बसतंच. पोरं बसतात, बायको बसते, शेजारी बसतो.

"इथं कधी कुणी बसलं नाही?" मी विचारलं.

"बाबा बसू द्यायचे नाहीत," बाई म्हणाल्या. "आम्ही लहान होतो, हट्ट करायचो. ते एवढंच म्हणायचे, जागा नाही."

मी हसलो. बाई हसल्या नाहीत.

ट्रॅक्टर आमच्या शेडमध्ये आला. धाकट्याला तर जेवणाची शुद्ध राहिली नाही. तो एकेक भाग सोडवून, रॉकेलनं धुऊन, कापडावर मांडायचा. एके दिवशी त्यानं मला हाक मारली. आवाज जरा वेगळा होता.

"दादा, हे बघ."

डाव्या मडगार्डचा सीटकडचा काठ. एवढ्या शाबूत रंगात तिथेच काठाला लागून चार ठिपके होते. रंग जाऊन खालचा पत्रा पैशासारखा चमकत होता.

"बोटं आहेत," मी म्हणालो. "कुणीतरी बसून काठ धरत असणार. बाईंना काय माहीत!"

"मलाही तसंच वाटलं. आता तू धरून बघ."

मी वर बसल्यासारखा हात ठेवला. तळहात वर आला, बोटं काठाखाली गेली. ठिपके तर वर होते.

धाकट्यानं माझा हात बाजूला केला आणि आपला हात खालून घातला. तळहात आतून पत्र्याला टेकला, बोटं काठावरून वर वळली आणि चारही ठिपक्यांवर अलगद बसली. बरोबर. आतल्या बाजूला तळहाताएवढा पत्रा आरशासारखा झाला होता.

"खालून, दादा," तो हळू म्हणाला. "धरणारा खाली होता."

खाली चाक असतं. चाक आणि मडगार्ड ह्यांच्यामध्ये जेमतेम मूठ जाईल एवढी फट. ट्रॅक्टर चालू असताना तिथे हात घातला तर हात परत मिळायचा नाही.

मी व्यापारी माणूस. ज्या गोष्टीचा उलगडा होत नाही तिला मी रंग मारतो. धाकटा म्हणत होता, हे असंच राहू दे, जुन्या खुणा पुसू नये. मी म्हटलं, "गिऱ्हाईकाला चकाकी लागते रे, खुणा लागत नाहीत." शेवटी पॉलिश पेपर मारला, प्रायमर दिला, त्यावर रंग. मडगार्ड असं झालं की त्यात तोंड बघून दाढी करावी.

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा भावजय पदराला हात पुसत बाहेर आली. ठक्... ठक्... ठक्. एकेक ठोका छातीत बसत होता. धाकटा शेडमागच्या कच्च्या वाटेवर फेरी मारायला निघाला. पुढे जाताना त्यानं मान वळवून मागे पाहिलं. डावीकडून.

मला वाटलं, आम्हाला बघतोय. मी हात हलवला. त्यानं हलवला नाही.

त्यानंतर तो रोज फेरी मारायला लागला. इंजिन मोकळं व्हायला हवं, म्हणायचा. आठवडाभरात मी सहज फडकं मारायला गेलो, तर नव्या रंगात चार ठिपके. मला वाटलं, धाकट्यानंच मला चिडवायला घासले असतील. त्याला विचारायला वळलो तर तो शेडच्या दारात स्टुलावर बसून चहा पीत होता. कप उजव्या हातात, मान डावीकडे, मागे. मागे नुसती भिंत होती.

"काय बघतोस रे?"

"काही नाही."

"मान अवघडली का?"

"नाही..." त्यानं चहाचा एक घोट घेतला. मग अगदी सहज, दूध उतू जातंय का बघून आलेल्या माणसासारखा म्हणाला, "नीट धरलंय ना, एवढंच बघतो. पडायला नको."

मी दुसऱ्या दिवशी सकाळीच बाईंकडे गेलो. जुन्या सामानात काही सुटे भाग राहिलेत का, असं निमित्त काढलं. बाईंनी ओळखलं. त्यांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः उभ्याच राहिल्या.

"कोण चालवतं?" त्यांनी विचारलं.

"भाऊ."

"बघतात का ते... तसे?"

मी मान हलवली.

"बाबांचं असंच सुरू झालं होतं. आधी शेतात. मग जेवताना. आम्ही विचारलं की म्हणायचे, तुम्हाला नाही कळायचं, त्याचा हात सुटला तर काय करायचं." बाईंनी खिडकी लावून घेतली. "शेवटी शेवटी मान सरळच होईना. तसेच गेले. उशीवर डोकं ठेवायला आम्हाला त्यांना कुशीवर करावं लागलं."

"त्याचा म्हणजे कुणाचा?"

"ते मी विचारलं नाही," बाई म्हणाल्या. "तुम्हीही विचारू नका. विकून टाका."

परतताना मी ठरवलं, विकायचा. पण आयुष्यभर डोळ्यांनी बघून व्यवहार केलेला माणूस मी. एकदा स्वतः पाहिल्याशिवाय चैन पडेना. संध्याकाळी धाकटा फेरीला निघाला, तेव्हा मी म्हटलं, "थांब, मीही येतो," आणि डाव्या मडगार्डवर हात टेकून पाय वर टाकला.

"तिथं नको, दादा."

"का?"

"जागा नाही."

बाईंनी सांगितलेलं हे वाक्य मी घरात कुणालाही सांगितलं नव्हतं.

मी मुकाट्यानं फिरून उजवीकडे बसलो. वाटेवर पावसाचं पाणी साचलं होतं. चाकं चिखल उडवत होती, माझ्या खालच्या पत्र्यावर तो थपथप बसत होता. पलीकडून, डावीकडून, थपथप येत नव्हती. इंजिनाच्या दोन ठोक्यांच्या मधल्या शांततेत तिथून एक दुसराच आवाज येत होता. ओल्या कापडानं काहीतरी पुसत राहावं तसा... सावकाश... न थांबता. आणि वास. बंद शेडमधला तोच ओल्या मातीचा वास.

धाकटा वाटेकडे बघतच नव्हता. एका हातानं तो ट्रॅक्टर वळवत होता आणि त्याची नजर मडगार्डच्या काठावर होती. आई झोपलेल्या पोराकडे बघते ना, तशी. इतक्या मायेनं त्यानं माझ्याकडेही कधी बघितलं नाही.

शेडपाशी येऊन त्यानं इंजिन बंद केलं. शेवटचा ठोका पडला, चाक थांबलं, धाकटा खाली उतरला. मी अजून जागेवरच होतो. तेव्हा डावं मडगार्ड एकदा करकरलं. पत्र्यावरचं वजन उतरलं की करकरतं, तसं.

मी कंदील लावून खाली वाकून पाहिलं. उजव्या मडगार्डच्या पोटात चिखलाचा थर होता. डावं आतून कोरडं आणि लखलखीत. वर बघतो तो धाकटा घराकडे चालला होता. ट्रॅक्टरकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. म्हटलं, सुटला बुवा.

मी डाव्या मडगार्डला पुन्हा रंग मारला आणि लगेच गिऱ्हाईक गाठलं. एक हॉटेलवाला होता, त्याला बागेत शोभेला ठेवायला काहीतरी जुनं हवं होतं. चालवणार नाही ना, हे मी त्याच्याकडून तीनतीनदा वदवून घेतलं. त्याला वाटलं, शेठचा जीव अडकलाय ट्रॅक्टरमध्ये. मला भीती होती ती धाकट्याची. तो अडून बसेल, रुसेल असं वाटत होतं. तो म्हणाला, "दे ना, दादा. आता काय त्याचं." त्यानंच ट्रॅक्टर लॉरीवर चढवून दिला, दोरखंड आवळले आणि सरळ जेवायला गेला.

त्या दिवशी मी भावजयीला जास्तीची भाकरी वाढायला सांगितली. किती दिवसांनी मला भूक लागली होती.

हॉटेलवाला मध्यंतरी भेटला. मी विचारलं, मडगार्डचा रंग कसा आहे? म्हणाला, "एक ओरखडा नाही, शेठ, वर पोरं बसून फोटो काढतात." मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! पेढे वाटावेत असं वाटलं.

घरी आलो तर भावजय ओसरीवर कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. मला बघून तिनं एक शर्ट बाजूला काढला. मीच धाकट्याला घेतलेला, नवा, चार धुण्यांचाही झाला नव्हता.

"भाऊजी, कापड बघून घेत जा हो जरा," ती म्हणाली. "दुकानदारानं फसवलं तुम्हाला. कॉलर बघा."

"मला कोण फसवणार!" असं म्हणत मी शर्ट हातात घेतला.

कॉलरच्या डाव्या बाजूला, काठाला लागून, चार ठिपके होते. सूत विरून पांढरं पडलेलं. मी वरून हात ठेवून पाहिला, खांद्यावर हात ठेवतो तसा. बोटं बसली नाहीत. मग कॉलर उलटी केली. आतल्या बाजूला, मानेला लागते तिथे, तळहाताएवढं कापड घासून गुळगुळीत झालं होतं.

"काय झालं?" भावजयीनं विचारलं. "सगळेच तसे होताहेत त्यांचे. मानेला काही खरूज वगैरे..."

आत धाकटा जेवत होता. दारातून त्याची पाठ दिसत होती. त्याचा डावा हात जेवता जेवता वर गेला आणि मानेपाशी, काहीच नाही त्या जागी, त्यानं दोनदा हळूच थोपटलं.