एका रेणूचा लाल ठिपका

रक्ताच्या थेंबात दडलेला एकच रेणू शोधायचा कसा? गव्हाच्या कोठारात एक लाल दाणा शोधणं परवडलं! पण ऊर्वीला तो शोधायचाच होता, कारण थेंब तिच्या आईचा होता. आईचा जुना आजार परतला असेल, तर त्याची खूण असलेला रेणू त्यात मिळणार होता.

ही सन २०६१ची गोष्ट. सांगलीत भाऊआजोबांच्या प्रयोगशाळेत लुडबुडायची मुभा फक्त या नातीला.

"त्या रेणूला आपण एक रंग चिकटवतो," आजोबा म्हणाले. "निळा प्रकाश पडला की तो लाल चमकतो (याला प्रतिदीप्ती म्हणतात). पण एकट्याचा उजेड तो केवढा! म्हणून शेजारी चांदीचे नॅनोकण (केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढे). प्रकाश पडला की चांदीतले इलेक्ट्रॉन एकदम डोलतात, कणाभोवती प्रकाश एकवटतो आणि रंग कितीतरी पट उजळतो. चिकूला सांग, कणांवर काचेचा लेप दे. जाडी दहा नॅनोमीटर."

चिकू म्हणजे रोबो. ऊर्वीला वाटलं, मध्ये लेप हवाच कशाला? रंग चांदीच्या जितका जवळ तितकं बरं! तिनं हळूच चिकूला सांगितलं, "शून्य."

थेंब काचेवर ठेवून निळा प्रकाश सोडला, पण यंत्राचा पडदा काळाकुट्ट राहिला.

"रेणू नाहीये! आई बरी आहे!" ऊर्वी नाचायलाच लागली. आजोबांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"लेपाची कमाल गं पोरी, म्हणून या काळ्या पडद्यावर विश्वास ठेवता येतो. रंग थेट चांदीला टेकला असता, तर त्याची ऊर्जा चांदीनंच गिळली असती. रेणू असूनही काही दिसलं नसतं."

ऊर्वीचं नाचणं थांबलं. गप्प राहिलं तर? आई बरीच राहील, निदान आजच्यापुरती. तिला फार फार वाटलं गप्प राहावं.

"आजोबा," ती रडतच म्हणाली, "मी लेप दिलाच नाही."

आजोबा रागावले नाहीत. त्यांनी नवी काच पुढे सरकवली. या वेळी ऊर्वीनं दहाच सांगितलं.

काळ्या पडद्यावर एक लाल ठिपका उगवला. एकच.

"आला ना परत?" ऊर्वी हमसून हमसून रडू लागली.

"आला. पण एकटा आलाय," आजोबांनी तिला कुशीत घेतलं. "वर्षानं कळलं असतं तर असे रेणू कोटींनी असते. एवढ्याशा आजाराला आपली औषधं पुरून उरतात."

आई बाहेर बाकावर बसली होती. ऊर्वीनं धावत जाऊन तिला घट्ट मिठी मारली.

"आई, आजार आलाय. पण अगदी चिमुकला आहे, आणि आपण त्याला बघितलंय!"