शून्य डेसिबलची पेटी

आंबेखिंडीच्या दरड-सूचना केंद्रात नवा डेस्कटॉप आला आणि त्याच्या आत बसवायचा वीजपुरवठा, म्हणजे पॉवर सप्लायचा डबा, कोणता घ्यावा यावर महिनाभर खल झाला. खरं तर दोन मिनिटांचं काम. केंद्राच्या इंजिनिअर विदुला ढवण यांनी लिहूनच दिलं होतं: संगणक अडीचशे वॉट खातो, साडेपाचशेचा पुरवठा घ्या. निम्म्या भारावर तो तापत नाही, पंखा संथ फिरतो, आवाज पुरेसा कमी.

केंद्रप्रमुख डॉ. कुलाबकरांना ‘पुरेसा’ नको होता, शून्य हवा होता. जुन्या संगणकाच्या पंख्याची घरघर म्हणे वरिष्ठांना व्हिडिओ बैठकीत ऐकू जायची. डोंगर सरकू लागला की केंद्रातला भोंगा वाजणार, मग इथून फोन जाणार, तेव्हा कुठे डोंगराखालची चाळीस घरं रिकामी होणार. आणि साहेबांना चिंता घरघरीची!

त्यांनी ‘मौनपेटी’ मागवली.

“ही पेटी खोलीतले आवाज ऐकते,” ते कौतुकाने म्हणाले. “जो पुन्हापुन्हा तसाच येतो, तो गोंगाट. त्याच्या नेमका उलटा ध्वनी ती सोडते. दोन्ही लाटा एकमेकींना पुसून टाकतात.”

“सर, आपला भोंगाही रोज दहाला चाचणीसाठी तसाच वाजतो. पेटी त्यालाही पुसेल.”

“अहो ढवणबाई, भोंगा आहे तो! केवढा मोठा आवाज!”

“पेटीला मोठा-लहान कळत नाही, सर. पुन्हापुन्हा एवढंच कळतं.”

पहिल्याच आठवड्यात चाचणीचा भोंगा बसका झाला. तिसऱ्या आठवड्यात ऐकूच येईना.

“कान किटले होते हो,” कुलाबकर खूश होऊन म्हणाले. विदुलाच्या अंगाचा तिळपापड झाला. वॉरंटी जाईल म्हणून त्यांनी तिला पेटीला हात लावू दिला नाही. तिने लेखी तक्रार केली. तक्रार निकाली निघेपर्यंत दर सोमवारी बैठकीत शब्दशः वाचायची, असा केंद्राचा नियम. ती वाचत राहिली. भोंगा किती मिनिटं वाजतोय, ते त्याच्या खोक्यावर आकड्यात दिसायचं; एरवी त्या आकड्यावर ती स्वतः डोळा ठेवायची. बैठकीत मात्र ते खोकं सगळ्यांच्या पाठीमागे यायचं.

सातव्या सोमवारी ती तक्रार वाचत असतानाच कुलाबकर शेजारच्याला म्हणाले, “ढवणबाईंचं समाधान झालेलं दिसतंय. हल्ली मनातल्या मनात वाचतात.”

विदुला थबकली. तिला स्वतःचा आवाज येत होता, पण कवटीच्या हाडांतून. हवेतला आवाज पेटीने केव्हाच पुसला होता. तोच गळा, तेच शब्द, सात वेळा! वाकून तिने टेबलाखालचा, संगणक आणि पेटी दोन्हींचा एकच असलेला प्लग उपटला.

संगणकाचा पडदा विझला आणि सगळी खोली भोंग्याने हादरली.

ती गर्रकन वळली. खोक्यावर आकडा होता: अकरा मिनिटं. भोंग्यापासून दरडीपर्यंत पंचवीस मिनिटं मिळतात. घरं रिकामी करायला वीस लागतात. तिने गावाचा फोन फिरवायला घेतला.

कुलाबकर कानांवर हात दाबून तिच्यावर ओरडले, “एवढं माहीत होतं, तर आधी बोलायचं नाही का?”